सत्तावन्न, म्हणजे कुठलं?

गाडीचा रंग पिवळा होता, एवढ्या एकाच गोष्टीवर आमच्या गल्लीत अजूनही एकमत आहे. उकडलेल्या अंड्याच्या बलकासारखा पिवळा. बाकी ती किती सालची, किती किमतीची, आणि मुळात ती एक गाडी की दोन, हे ज्याला विचाराल तो वेगळं सांगेल. मला विचाराल तर मी विषय बदलेन.

सुरुवात भिशीपासून झाली. आमच्या कचेरीतल्या भिशीत माझं नाव निघालं आणि चार लाख बिर एकदम पदरात पडले. एवढे पैसे एकदम आले की माणसाला आपली उंची वाढल्यासारखी वाटते. त्या दिवशी मी घराच्या दारातून जरा वाकूनच आत शिरलो. येशी, म्हणजे माझी बायको, कॉफीचे दाणे भाजत होती. तिने मान वर न करता विचारलं, "टाकी कधी आणायची?"

टाकी म्हणजे पाण्याची. आमच्या गुलेलेच्या चढावर नळाला पाणी येतं ते रुसलेल्या जावयासारखं. कधी येईल सांगत नाही, आलं तर फार वेळ थांबत नाही. शेजारच्या गाशे बेझाबेंच्या छपरावर एक काळी, गुबगुबीत टाकी बसलेली असते आणि येशी रोज सकाळी तिच्याकडे, दुसऱ्याच्या कडेवरच्या बाळाकडे पाहावं तसं पाहते. (बेझाबेंना गाशे म्हणायचं ते वयाच्या मानाने. आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला कुणी नुसत्या नावाने हाक मारत नाही. मनातल्या मनात मारतात.)

"टाकी आणूच गं," मी म्हणालो. "पण मी एक गाडी पाहिलीय. बीटल. जुनी, पण सगळी नव्याने केलेली. बघशील तर..."

दाणे तडतडले. येशीने ते ढवळले. मग म्हणाली, "रास्त किमतीत मिळाली आणि टाकीपुरते पैसे उरले, तर घ्या. एक बिर जरी जास्त दिलात, तर त्या गाडीत पाणी भरून ठेवीन."

आता रास्त किंमत म्हणजे काय, हे कांद्याचं ठरवता येतं. सणाच्या मेंढीचं ठरवता येतं. पाठीवर बोटं दाबली की चरबी कळते. पण साठ पावसाळे पाहिलेली गाडी, जिला कुणीतरी रंगवून, घासून, नवी गादी शिवून पुन्हा नवरीसारखी उभी केलीय, तिला कुठे दाबायचं ते कोणी सांगत नाही. मी पहिल्या भेटीत तिचा मडगार्ड दाबून पाहिला. चरबी नव्हती.

गाडीचे मालक गाशे वुबशेत फरंसायच्या ओढ्याकाठी राहत. ताठ म्हातारा, पांढरी मिशी, डोळ्यांना आता कमी दिसायचं. टोरांटोला मुलीकडे कायमचे निघाले होते, म्हणून गाडी काढत होते. त्यांनी मला अंगणात बसवलं, कॉफी दिली, आणि एवढंच म्हणाले, "सत्तावन्नची आहे."

"आणि किंमत?"

"साडेतीन लाख."

मी हनुवटी चोळली. उरले पन्नास हजार. माझ्या डोळ्यांसमोर दोन हजार लिटरची टाकी उभी राहिली, खाली पितळी तोटी. त्याच क्षणी हात मिळवून उठायला हवं होतं. पण पहिल्या आकड्याला हो म्हणणारा माणूस आमच्या शहरात आजारी समजला जातो.

"गाशे, गाडी फार जुनी आहे हो," मी म्हणालो.

"फार," ते अभिमानाने म्हणाले आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"जुनी म्हणजे झिजलेली."

"हं," ते म्हणाले, आणि स्वतःच्या हातांकडे बघत बसले. मला उगाच अपराध्यासारखं वाटलं. घासाघीस करताना समोरच्याने असं बघू नये, याला काही नियम हवेत.

घरी माझा मेहुणा सिराक वॉशिंग्टनहून सुट्टीवर आला होता. तिथे तो एका वाहनतळावर पावत्या फाडतो, पण विमानातून उतरला की इथे सगळ्या वाहनांचा जाणकार होतो.

"दाजी, कुठलं सत्तावन्न?" त्याने विचारलं. "आपलं की त्यांचं?"

मी हसलो. माझा धंदाच तो आहे. परदेशी जाणाऱ्यांचे दाखले भाषांतरित करून देणाऱ्या कचेरीत मी तारखा बदलतो. आमचं साल बाहेरच्या जगाच्या सात-आठ वर्षं मागून चालतं, निवांत, धूळ खात. अर्ध्या शहराचे जन्म मी सात-आठ वर्षं पुढे ढकलले आहेत, एकाही आईला पत्ता न लागू देता. मी सिराकला म्हणालो, "आपला माणूस सत्तावन्न म्हणतो म्हणजे आपलं. त्यांचं चौसष्ट किंवा पासष्ट."

"आणि त्यांचं असलं तर? त्यांच्या सत्तावन्नला मागची काच अंड्याएवढी असते. तिच्यासाठी तिकडे माणसं वेडी होतात. जेवढी जुनी तेवढी महाग."

"जेवढी जुनी तेवढी स्वस्त," मी म्हणालो.

"दाजी, ती गाडी आहे की चप्पल? मी येतो, बघतो. उद्या दोन वाजता, थेट तिथेच."

दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी फरंसायला हजर होतो. आमचे दोन म्हणजे बाहेरच्या जगाचे सकाळचे आठ, ऊन नुकतं अंगणात उतरलेलं असतं. आमचा दिवस सूर्यापासून मोजला जातो, घड्याळवाल्याच्या लहरीपासून नाही. सिराक आला नाही. आम्ही कॉफी प्यायलो. त्याच दाण्यांची दुसरी, तिसरी फेरी झाली. गाशे वुबशेत म्हणाले, "जेवून घ्या." बुधवार, उपासाचा दिवस, मांस वर्ज्य, म्हणून शिरो, म्हणजे डाळीच्या पिठाचं कालवण, आणि इंजेरा, आमची आंबवलेल्या पिठाची भाकरी. शिरो अप्रतिम होता. ज्याच्या ताटात जेवलो त्याच्या गाडीला नावं कशी ठेवायची, या विचाराने मला दुसऱ्यांदा वाढून घ्यावं लागलं.

सिराक आला तेव्हा सावल्या पलीकडे कलल्या होत्या. आमचे आठ.

"वेळेवर आलोय," तो म्हणाला. "दोन."

"कुठले दोन?" मी ओरडणार होतो, पण तो गाडीच्या मागे गेला होता आणि तिथे गुडघ्यांवर बसला होता. मागची काच अंडाकृती होती. मी सकाळपासून पाहत होतो. मला ती नुसती काच वाटली होती.

"दाजी, हे सोनं आहे. गाशे, हे विकू नका, पस्तावाल."

मी त्याच्या पाठीत कोपर मारलं. उशीर झाला होता. गाशे वुबशेतांनी मिशीवरून बोट फिरवलं. "तीन सत्तर," ते म्हणाले.

माझी दोन हजार लिटरची टाकी एका लोखंडी पिंपाएवढी झाली.

आता मला गाडी नवी असल्याचं सिद्ध करायचं होतं. म्हणून टेकेस्ते. टेकेस्ते पुलाखाली बीटल दुरुस्त करतो आणि स्वतःच्या आवाजाखेरीज कुठल्याही आवाजावर विश्वास ठेवत नाही. त्याने गाडीचं दार उघडलं, चाकामागे बसला आणि घंटा वाजवल्यासारखा म्हणाला, "पेट्रोलचा काटा. त्यांच्या सत्तावन्नला काटा नव्हता, पायाशी एक खिट्टी असायची. तेल संपलं की गाडी बंद पडायची आणि मग कळायचं. ही नवी आहे. आपलं सत्तावन्न. अंड्याबिंड्याचं मला सांगू नका."

मी छाती फुगवून गाशेंकडे गेलो. "गाशे, ही नवी निघाली. शौकीन माणसाची किंमत हिला लागत नाही."

त्यांनी मान डोलावली. "नवी निघाली होय? मग कमी झिजली असणार. जुनी म्हणजे झिजलेली, असं तुम्हीच म्हणाला होतात." थांबून म्हणाले, "तीन नव्वद."

टेकेस्तेने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्याला बोलवून फसवलं. टाकी आता पिवळ्या कॅनएवढी झाली होती, तोही गळका.

माणसाची अक्कल संपली की तो कचेरीत जातो. खरेदीवर कर किती बसेल ते साल पाहून ठरतं, तेव्हा सालाचा निकाल सरकारनेच लावावा, असा माझा डाव होता. वाहन कचेरीतल्या खिडकीमागे एक बाई भाजलेले जव खात बसल्या होत्या. मी दोन फोटो सरकवले, एक पुढून काढलेला, एक मागून.

त्यांनी पाहिले. पुन्हा पाहिले. "यातली कुठली घेताय?"

"म्हणजे?"

"दोन गाड्या आहेत ना. माझ्या वडिलांकडे होती एक. हे नाक वेगळं, ही पाठ वेगळी."

"बाई, एकच आहे. मी तिच्याभोवती फिरलोय."

"तुम्ही फिरलात, मी नाही फिरले. गाडी एकच असल्याचा दाखला आणा."

"असा दाखला कोण देतं?"

"ते आम्ही सांगत नाही," त्या म्हणाल्या आणि जवाचा पुढचा दाणा निवडला.

असा दाखला देण्याइतका बेफिकीर माणूस माझ्या ओळखीत एकच होता. टेकेस्ते गाशेंच्या अंगणात गाडीखाली शिरला. बराच वेळ त्याचे नुसते पाय दिसत होते. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळावर ग्रीस होतं आणि आवाज, प्रथमच, खाली होता.

"असरात," त्याने माझं नाव घेतलं, "ही मधोमध शिवलेली आहे. पुढचं अर्धं एकीचं, मागचं अर्धं दुसरीचं. पुढून आपलं सत्तावन्न, मागून त्यांचं."

मी हसायला हवं होतं. पण मनात काय चाललं होतं बघा: एवढ्या दिवसांची धावपळ, सिराकचं सोनं, बाईंचे जव, घरी कोरड्या बादल्यांमध्ये उभी असलेली येशी, आणि मी, ज्याच्यापुढे तारखा हात जोडून उभ्या राहतात, तो दोन आकड्यांत बुडालो. मी ताडकन वळलो आणि बोलून गेलो, "गाशे, ठिगळ लावलेलं स्वेटर मला कोऱ्या शालीच्या भावात विकता?"

गाशे वुबशेत उभे राहिले. आवाज चढवला नाही. "कॉफी संपली असेल तर," ते म्हणाले, आणि फाटकाकडे हात केला. फाटक आमच्या मागे लागलं. आतून कडीचा आवाज आला, अगदी हलका. जोरात आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

घरी येशीने सगळं ऐकून घेतलं. "असं म्हणालात? म्हाताऱ्या माणसाला, त्याच्याच अंगणात?"

"तो मला फसवत होता."

"कशात? सत्तावन्न म्हणाला, सत्तावन्नच निघालं. दोनदा निघालं."

शेजारचे गाशे बेझाबे कुंपणावरून ऐकत होते. ते कुंपण त्यांनी त्यासाठीच ठेंगणं ठेवलंय. म्हणाले, "आता ज्येष्ठ पाठवावे लागतील."

आमच्याकडे ज्येष्ठ दोन कामांसाठी पाठवतात: कुणाची मुलगी मागायची असेल तेव्हा, आणि भांडण मिटवायचं असेल तेव्हा. हे यातलं कुठलं, याबद्दल गाशे बेझाबेंची खात्री होईना, म्हणून त्यांनी दोन्ही भाषणं तयार ठेवली. रविवारी प्रार्थना आटोपून, अंगावर पांढरी शुभ्र गाबी लपेटून, काठी टेकत ते पुढे, मागे मी, आणि माझ्या मागे येशी. तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिने ताजा पाव भाजला होता आणि तो आपणच देणार, एवढंच ती म्हणाली.

फाटक उघडलं. गाशे बेझाबे परंपरेप्रमाणे बसले नाहीत. उभ्यानेच घसा खाकरला, आणि चुकीचं भाषण सुरू केलं. "आम्ही आपल्या दारी आलो आहोत. आपली लेक आमच्या मुलासाठी मागायला."

"लेक टोरांटोला आहे," गाशे वुबशेत म्हणाले. "तिला तीन मुलं आहेत."

"म्हणजे, ही," बेझाबेंनी काठीने दाखवलं. "पिवळी."

म्हाताऱ्याच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्यांनी बसायला सांगितलं. मी पुढे होऊन खाली वाकलो आणि त्यांच्या खांद्याला कपाळ लावलं. माफी शब्दांत मागायची होती. शब्द आले नाहीत, तेवढं बरं झालं. माझ्या शब्दांनी त्या अंगणात पुष्कळ किंमत वाढवली होती.

"मागचं अर्धं माझं आहे," ते गाडीकडे पाहत म्हणाले. "एका जर्मन इंजिनियराकडून गाडी घेतली, तिच्या कागदावर त्यांचं सत्तावन्न. पियासाच्या उतारावरून येत होतो. पुढे एक नवी कोरी गाडी, चाकामागे एक मुलगी, आपल्या सत्तावन्नात तिच्या बापाने घेऊन दिलेली. गाढव आडवं आलं. तिने ब्रेक मारला. मी नाही मारला. मी तिच्या मानेकडे पाहत होतो."

गाशे बेझाबेंनी दुसरं भाषण गाबीच्या पदराखाली दडवलं असावं.

"माझं नाक गेलं, तिची पाठ गेली. मी माफी मागायला गेलो तो वर्षभर जातच राहिलो. शेवटी तिच्या बापाने विचारलं, मुलीसाठी काय आणणार? मी म्हटलं, आहे त्यातलं सगळं. तो म्हणाला, काय आहे? मी म्हटलं, अर्धी गाडी."

येशी पदरात हसली.

"तो म्हणाला, बरोबर. अर्धी आमच्याकडे आहे." त्यांनी मिशी पुसली. "तिथून हा टाका. बीटलचं इंजिन मागे असतं, तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून ती म्हणायची, चेहरा माझा, काळीज तुझं. आणि तेल संपत आलं की तो काटा टिचकीने वाजवायची: काटा माझा, पेट्रोल तुझं. गाडी कुठल्या सालची यावरून आमचं चाळीस वर्षं भांडण झालं. ती गेल्यावर मी सगळा पत्रा उघडा केला, गंज काढला, रंग लावला. टाका मात्र तसाच ठेवला. तो झाकता आला असता. ठिगळ म्हणालात ना, तेच ते."

मी जमिनीकडे पाहत होतो. तिथे एक मुंगी पावाचा कण ओढत होती आणि मला तिचा फार हेवा वाटला.

"आता किंमत," ते म्हणाले. "आता तुम्हाला सगळं माहीत आहे, तेव्हा रास्त सांगतो. तिच्या अर्ध्याचे दोन लाख, माझ्या अर्ध्याचे दोन."

चार लाख. भिशी पूर्ण. टाकी पेल्याएवढी झाली, पेला उपडा झाला. हरकत घ्यायला माझ्याकडे तोंड नव्हतं, आणि होकार द्यायला हिंमत नव्हती, कारण बाजूला येशी होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती गाडीकडे पाहतच नव्हती. ती छपराकडे पाहत होती. गाशे वुबशेतांच्या छपरावर, जांभळ्या फुलांच्या झाडाआड, एक काळी, गुबगुबीत टाकी होती.

"गाशे," ती गोड आवाजात म्हणाली, "ती टाकी कुठल्या सालची?"

"ती? दोन-तीन वर्षांपूर्वी घेतली."

"आपल्या की त्यांच्या?"

म्हातारा हसला. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. दात फार थोडे होते आणि सगळे आनंदात होते.

"टोरांटोला टाकी नेतात का?" येशीने विचारलं.

"मुलगी म्हणते तिकडे नळाला रोज पाणी असतं."

"मग आम्ही टाकीचे चार लाख देतो," येशी म्हणाली. "रास्त आहे. पण टाकी न्यायची कशात, तेवढं तुम्ही बघा."

गाशे वुबशेतांनी गाशे बेझाबेंकडे पाहिलं. बेझाबे म्हणाले, "ज्येष्ठ म्हणून माझं मत आहे, की मुलगी रिकाम्या हाताने सासरी पाठवू नये." हे तरी बरोबर भाषणातलं होतं.

कचेरीतल्या बाईंना मी सगळी हकिकत सांगितली. त्यांनी दाणे चघळत ऐकली, दोन्ही फोटो शेजारी ठेवले आणि विचारलं, "पुढचं किती?"

"सत्तावन्न."

"मागचं?"

"सत्तावन्न."

"मग अडचण काय होती?" त्या म्हणाल्या, आणि रकान्यात सत्तावन्न लिहून शिक्का मारला. कुठलं, ते त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

गाडी देताना गाशे वुबशेत पुढच्या नाकाजवळ उभे राहिले, मग मागे गेले, मग मध्ये. काटा टिचकीने वाजवून बघितला. मला म्हणाले, "उतारावर ब्रेक लवकर मारा." जरा थांबून म्हणाले, "किंवा नका मारू."

गुलेलेचा चढ आम्ही फार हळू चढलो. छपरावर दोरखंडांनी बांधलेली टाकी गाडीपेक्षा मोठी होती. लांबून पाहणाऱ्याला एक काळी टाकी चार चाकांवर डोलत येतेय असंच वाटत असणार. तिच्यात कुठेतरी राहिलेलं पाणी चढावर मागे सरकलं आणि अंडाकृती काचेवरून निवांत ओघळू लागलं. गाडीत पाणी भरून ठेवीन, असं येशी म्हणाली होती. ती शब्दाची पक्की आहे.

किती दिवस मी एका प्रश्नाचं उत्तर पाठ करून ठेवलं होतं. गल्ली विचारेल, गाडी केवढ्याला? आणि मी एक पाय पायदानावर ठेवून, साल, काच, काटा, सगळं समजावून रास्त किमतीवर दोन शब्द बोलेन. गल्ली जमली. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या एमेबेत पुढे आल्या, त्यांनी टाकीवर काठी वाजवली, आवाज ऐकला.

"टाकी केवढ्याला पडली गं?"

"चार लाखांना," येशी खिडकीतून म्हणाली. "गाडी वर मिळाली."

एमेबेतनी वर पाहिलं. वर टाकी होती. मग वाकून खाली पाहिलं, पिवळ्या नाकाकडे, पिवळ्या पाठीकडे, आणि बराच वेळ मधल्या भागाकडे.

"रास्त आहे," त्या म्हणाल्या.